वर्षभराचा हो

...आणि वर म्हणतात कशा, "वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे." आता मला सांगा, खरोखर दोन मिनिटांच्या कामासाठी कोणी भर दुपारी दुसऱ्याच्या घरी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणतं का? शाळेतल्या दुसरीच्या वर्गाच्या बाई आणतात. का, तर बाहेर ऊन आहे, तो तापेल. मी भाजी चिरत होते, हात ओले, गॅसवर दूध, आणि या दारात उभ्या, तान्हं मूल छातीशी धरावं तसा तो लॅपटॉप धरून. "येऊ ना?" मी काय म्हणणार? हो म्हणाले.

तुम्हाला वाटेल, मी कोणी मोठी तज्ज्ञ असेन. तर तसं काही... असो, तो शब्द मी हल्ली तोंडातून काढायला भिते. का भिते, ते ऐका.

मी दर वर्षी देवापुढे एक नेम घेते. एका वर्षी गोड सोडलं. एका वर्षी दुपारची झोप सोडली. एका वर्षी कोणाला नावं ठेवायची सोडली, तो फार जड गेला, घरात बोलायला विषयच उरेना. गेल्या वर्षी म्हटलं, देवा, आता वर्षभर नकार बंद. कोणी काही मागितलं की 'हो'. मुलगी लगेच म्हणाली, "आई, 'नाही' बंद ना? मग 'नको' चालतं का?" म्हटलं, ती पळवाट झाली, देवाला कळते. ह्यांना मात्र नेम फारच आवडला. माझ्या इतक्या वर्षांच्या नेमधर्मात कधी लक्ष घातलं असेल तर शपथ, आणि आता रोज सकाळी डोळे उघडायच्या आत, "काय, आजही हो ना?"

इथवर निभावलं असतं. पण आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवतात. केस पिकले त्यांचे पहिलीत. त्यांच्या मुख्याध्यापिका बाईंनी काढलं फर्मान, की यंदा प्रत्येक वर्गात इंटरनेटवरची फुकट साधनं वापरायची. चित्रं, खेळ, प्रश्नमंजुषा, काय हवं ते. वर्षअखेरीला तपासणीचे साहेब येतील, त्यांना करून दाखवायचं. जिला जमेल तिचा वर्ग तिच्याकडे राहील, बाकीच्यांनी ऑफिसात बसून दाखले लिहायचे.

वन्सं माझ्याकडे येऊन बसल्या. चहा केला, तो गार झाला. म्हणाल्या, "वहिनी, मला मुलांतून उठवतील हो. एक मुलगी आहे शेवटच्या बाकावर, अजून मोठ्यानं वाचायला तोंड उघडत नाही. तिला अशी अर्धवट टाकून मी दाखले लिहू?" आणि मग कपाशी बोलल्यासारखं, "तुम्ही शिकवाल मला?"

आता मला काय येत होतं? आमच्या प्रार्थना मंडळातल्या बायकांना फोनवर एकत्र जमवून द्यायचे, तेवढंच. त्यातही अर्धा वेळ सगळ्यांना माझं कपाळ दिसायचं. पण नेम एकीकडे, वन्संचा चेहरा एकीकडे. मी काय म्हणणार? हो म्हणाले.

आणि सुरू झालं. फुकट साधन म्हणजे काय, तर आधी नाव द्या, मग पत्ता द्या, मग पासवर्ड द्या, त्यात एक अक्षर मोठं पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक ते चांदणीसारखं चिन्ह पाहिजे. एवढं दिल्यावर ते विचारतं, तुम्ही नक्की माणूस आहात ना? वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे मला विचारतंय?" म्हटलं, सगळ्यांनाच विचारतं. म्हणाल्या, "पहिलीला शिकवून शिकवून मलाच कधी कधी शंका येते, याला कसं कळलं?" मग समोर नऊ चौकोन, त्यांत सिग्नलचे दिवे ओळखा. आम्ही दोघी भाजी निवडावी तशा निवडत बसलो. वन्सं म्हणतात, "खांब दिव्यात धरायचा का?" मी म्हणते, धरा. त्याला पटेना. बरं, सोडा. तेही पटेना. अर्धा तास, तुम्हाला सांगते, आम्ही दोघी माणूस ठरायची वाट बघत बसलो होतो.

बरं, वन्संनी गप्प राहावं ना? शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, आमच्या वहिनींना सगळं येतं. आणि त्यांचा नेम आहे, त्या 'नाही' म्हणत नाहीत. झालं. तिसरीच्या बाई आल्या, त्यांचा पासवर्ड हरवला होता. "सोपा ठेवला होता हो, म्हणून तर लिहून ठेवला नाही." चौथीचे गुरुजी आले, त्यांच्या प्रश्नमंजुषेत सगळी उत्तरं बरोबर धरली जात होती, मुलं खूश, पालक खूश, गुरुजी तेवढे चिंतेत. दुसरीच्या बाईंनी पाढ्यांचं गाणं लावलं तर आधी गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात. आता त्या वर्गाला पाढे जेमतेम येतात, पण मलम कसं चोळायचं ते हातवाऱ्यांसकट पाठ आहे. सगळ्यांचं एकच, "वहिनी, दोन मिनिटं." आणि मी काय म्हणणार? दूध उतू जायचं, भाजी करपायची, हे ताटावर बसून म्हणायचे, "आज कितवीची भाजी आहे?"

शेवटी एक साधन सापडलं. आपण बोलायचं, ते लिहितं, आणि अक्षरं भिंतीवर ही एवढाली दिसतात. वन्सं म्हणाल्या, "हे चालेल. मी शब्द बोलेन, मुलं वाचतील." सराव केला. वन्संनी म्हटलं, "ससा." त्यानं लिहिलं, सासू. परत म्हटलं, सावकाश, ओठ ताणून, "ससा." सासू. तिसऱ्यांदा वन्सं त्याच्यावर जवळजवळ ओरडल्या. सासू. म्हणाल्या, "याचं लग्न झालेलं दिसतंय."

तपासणीचा दिवस उजाडला. मी पहाटे देवापुढे बसले. म्हटलं, देवा, वर्षभर मी सगळ्यांना हो म्हणतेय, तू मला एकदा म्हण.

वर्ग कसा, तर भिंतीला निळा रंग, खालचा हातभर पट्टा मुलांच्या हातांनी काळा झालेला. मी कोपऱ्यात वायरी सांभाळत बसलेली. वन्संच्या गळ्यात तो छोटा माइक. मुख्याध्यापिका बाई दाराशी. आणि साहेब, ताडमाड उंच गृहस्थ, त्यांना बसवलं पहिलीच्या बाकावर, गुडघे थेट हनुवटीला. वन्सं म्हणाल्या, "ससा." भिंतीवर आलं, सासू. चाळीस मुलं एका सुरात, "सासू."

वन्संचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू, आपल्यातलं आपल्यात बोलावं तसं पुटपुटल्या. पण माइक गळ्यातच ना. आणि कर्म असं, की ससा ऐकू येत असेल तर बघा, पण हे पुटपुटणं त्यानं एक काना मात्रा न चुकवता लिहिलं. वहिनी आता काय करू. मुलं ओरडली, "व-हि-नी, आ-ता, का-य, क-रू." एरवी पुस्तकातला धडा जांभया देत वाचतात, पण बाईंच्या मनातलं भिंतीवर दिसतंय म्हटल्यावर बाक सोडून पुढे सरकली. वन्सं घाबरून म्हणाल्या, "बंद करा ते." तेही आलं, तेही वाचलं. मी बटण शोधतेय, सापडेना. "या साहेबांचे गुडघे बघवत नाहीत हो." तेही आलं. मुलांनी ते वाचलं आणि चाळीसच्या चाळीस माना साहेबांच्या गुडघ्यांकडे वळल्या. मी डोळे मिटले. मग आलं, माझे पाय लटपटतायत. इथे सगळी अडली. लट... लप... लटप... आणि गाडी पुढे जाईना.

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "लटपटतायत."

शेवटच्या बाकावरची ती. उभी राहून. वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या, साहेब विसरल्या, माइक विसरल्या, म्हणाल्या, "वाचलीस गं बाई तू." भिंतीवर आलं, वाचलीस गं बाई तू. मुलांनी तेही वाचलं. मी मनात म्हटलं, ती वाचली आणि तुम्हीही वाचलात, वन्सं.

साहेब उठले, म्हणजे बाकातून स्वतःला सोडवलं, आणि माइकजवळ वाकून म्हणाले, "मुलांनो, तुम्हाला वाचायला कोणी शिकवलं?" त्यानं लिहिलं, नाचायला. मुलांनी प्रामाणिकपणे वाचलं, "नाचायला कोणी शिकवलं?" आणि बोट करून उत्तर दिलं, "बाईंनी." साहेब हसले ते डोळे पुसेपर्यंत. शेऱ्यात लिहिलं, मुलं अनोळखी मजकूर न घाबरता वाचतात. पहिलीचा वर्ग वन्संकडेच राहिला.

महिन्याभरात माझा नेम पुरा झाला. दिवा लावला, नमस्कार केला, आणि ठरवलं, आता पुरे. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा तर मी वाटेत सराव करत गेले. नाही, नाही, नाही. नळ सोडल्यावर आधी नुसती हवा यावी तसा आवाज येत होता, पण येत होता. आत सगळे जमलेले, दुसरीच्या बाई, तिसरीच्या बाई, गुरुजी, वन्सं पुढे बसून हसतायत. मुख्याध्यापिका बाई बोलायला लागल्या, तुमच्यामुळे असं झालं, तुमच्यामुळे तसं झालं, मी काही ऐकतच... असो, माझा शब्द दातांशी येऊन थांबला होता. "तर पुढच्या वर्षी तुम्ही रोज यायचं, शेजारच्या शाळेतल्या बाईही येतील शिकायला." त्या क्षणभर थांबल्या. म्हटलं, आता. आणि त्यांनी विचारलं,

"तुमची काही हरकत नाही ना?"

"नाही!"

टाळ्या वाजल्या. दुसरीच्या बाईंनी तिथल्या तिथे लॅपटॉपचा टॉवेल सोडायला घेतला.

वर्षभर जपून ठेवलेला एकुलता एक शब्द माझा... तोही त्यांनी 'हो' म्हणून घेतला.