लायसनवाला ठेकेदार

लायसन नाही म्हणून दोन महिने घरी बसलेला हबीब मिस्त्री असोद्याच्या बसमध्ये चढून बसला. त्याच्या पुढच्या सीटवर सपना द्रौपदाबाईंना सांगत होती :

"अक्का, वरच्या मजल्याला लायसनवाला ठेकेदार भेटला. उद्या करार हाये."

"त्याचं काम पाह्यलं का?"

"त्याचं घरच पाह्यलं. सहा पावसाळे गेले, स्लॅबला ओल नाही."

"त्यानंच बांधलं?"

"नाही. घरच्या कामाला म्हणे हबीब मिस्त्रीच लागतो."

"मंग तुहं काय दारचं काम हाये?"

"...अक्का, त्या हबीबचा नंबर हाये?"

"हाये ना. माही टाकी त्यानंच बांधली. घे."

हबीबचा फोन वाजला. तिसऱ्या रिंगला त्यानं खिडकीकडे तोंड करून उचलला.

"बोला. साइटवर आहे."

दोघी मागे वळल्या.