तोंड माझं, चरबी सासूबाईंची

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "तोंड धूत जा गं जरा!" धूत जा? अहो, तुम्हाला सांगते, सोळाव्या वर्षापासून हे तोंड मी इतकं धुतलंय, इतकं धुतलंय, की तेवढ्या पाण्यावर आमच्या तराझ भागातली सगळी कलिंगडं पिकली असती! आणि माझ्या साध्यासुध्या पुटकुळ्या नव्हेत हं, की आल्या, दोन दिवस मिरवल्या, गेल्या. गाठी! आत खोल, ठणकणाऱ्या, उशीला गाल टेकला की डोळ्यांत पाणी, आणि जाताना खड्डा ठेवून जाणाऱ्या. शेजारीण म्हणते, "यकृत घाण झालंय." बसमधली कंडक्टरबाई, तिकीट द्यायचं सोडून, "मनात कुणीतरी भरलंय वाटतं!" आई म्हणते, "लग्न झालं की जातं." लग्नाने काय जातं? झोप जाते! तोंड माझं, अक्कल गावाची!

शेवटी गेले साउले डॉक्टरीणबाईंकडे. माझं तोंड बघून नाक न मुरडणारी पहिली बाई! म्हणाल्या, "घाण नाही, यकृत नाही, कुणाची नजरही नाही. कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी चेकाळल्यात. वडिलांना होतं?" होतं की! बाबा अजून पाठ झाकून पोहतात. मग गोळ्या दिल्या. "ओठ फुटतील, कातडी सोलून निघेल, रक्त तपासत राहायचं, पण मध्येच सोडायच्या नाहीत. आणि गोळ्या संपून महिना होईपर्यंत दिवस राहता कामा नयेत. बाळाला व्यंग येतं. ही गंमत नाही."

"पण बाई, माझं लग्न ठरलंय... पुढच्याच महिन्यात!"

"मग नवऱ्यालाही घेऊन ये."

आला बिचारा सामात. कानापर्यंत लाल होऊन सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बरं." आमचा सामात एवढंच बोलतो, पण बोललेलं पाळतो.

आणि सासूबाई? बिबिनुरबाई? गोळ्यांचं नुसतं नाव काढलं तर म्हणे, "मूल नको म्हणणाऱ्या गोळ्या? माझ्या घरात? दिसल्या तर चुलीत घालीन!" म्हणजे झालं का... औषध घ्यायचं ते चोरासारखं!

तर लग्नाचा दिवस. आमच्याकडे नवी सून घरात आली की आगीत चरबी ओतते, आणि थोरल्या बायका त्या आगीवर तळवे शेकून तिच्या तोंडावरून फिरवतात. आशीर्वाद म्हणे! डोकं आहे, खांदे आहेत, पाठ आहे... पण नाही, तोंडच! आता इतर सासवा कशा, लावल्यासारखं करतात. आमच्या सासूबाई ओढणीखाली डोकावल्या आणि, "अगं बाई गं! असं नाही भागायचं, वाडगा आणा!" दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी, कढत, मूठभर! आणि गोळ्यांनी माझी कातडी झालेली कांद्याच्या पापुद्र्यासारखी, तिच्यावर बाई कणीक मळतायत, कणीक! आतेसासू, मामेसासू, एकेक करून सगळ्यांनी हात धुऊन घेतले. तोंड माझं, अक्कल गावाची!

लगेच अंगणात बेताशार, म्हणजे तोंड दाखवायचा कार्यक्रम! गवई दोंब्राच्या तारा छेडत एकेका नातेवाइकाचं नाव घेतोय, मी वाकतेय, तोंडाची नुसती आग आग होतेय, आणि शेवटी त्याने माझी ओढणी उचलली... आणि गाणंच थांबलं हो त्याचं! मागून कुठलेसे आजोबा, "पोरगी भाजली का रे कुठे?" मी रडले. खरंच रडले, मरणाची लाज वाटली मला. आणि सासूबाई कशा, "बघा बघा, काय तेज आलंय!"

तेज? डोंबलाचं!

मग रोज सकाळी चहाबरोबर चरबी. त्यांनी फासायची, मी मागच्या नळावर धुवायची, आणि सामातच्या हिवाळी बुटातली गोळी काढून गिळायची. हळूहळू गाठी बसल्या, गाल सपाट झाले, आरशाशी माझी दोस्ती झाली! आणि गावभर बोभाटा काय? "बिबिनुरच्या चरबीने गुण आला!"

पण पाळणा हलेना. उठता-बसता, "काय गं, काही खबर?" तुसडे टोमणे, जेवताना उसासे. एक दिवस मी नुसती रडवेली झालेली बघून सामातने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, दोष माझ्यात आहे." आख्ख्या जन्मातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य! माझा इतका जीव जडला त्याच्यावर...

आणि सासूबाई? त्यांनी माझ्या गुळगुळीत गालाकडे बघितलं, मग लेकाकडे बघितलं, आणि बाह्या सरसावल्या. "एवढंच ना? डॉक्टरांना जमलं नाही ते हिचं तोंड मी साफ केलं, तुझं काय घेऊन बसलास!" तेव्हापासून उठल्या उठल्या सामातला वाडगाभर वितळलेली चरबी. तो डोळे मिटतो, पितो, आणि म्हणतो, "बरं."

पुढे गोळ्या संपल्या, वरचा महिनाही पाळला, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, आणि आता राहिलेत मला दिवस. श्रेय कुणाला? विचारताय काय! सकाळपासून चार बायका आपापले नवरे धरून आमच्या अंगणात बसल्यात, सासूबाई आतून हाका मारतायत, आणि मी... मी दुंब्याची शेपटी चिरतेय, दुसरं काय करणार!