मिलानच्या जावयासाठी एका दिवसाचं रोम

गुरुवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. रोमचं मुख्य स्टेशन. मिलानची गाडी वेळेवर आली.

वेळेवर! आता तुम्हीच सांगा, माणसानं बेत आखायचा तरी कसा? अहो, गाडी उशिरा येणार हे धरूनच मी सगळं बसवलं होतं! तेवढ्या वेळात मी कॉफी पिणार, पेपर उघडणार, माझ्याच बातमीला आमच्या संपादकानं कुठे कात्री लावलीय ते बघून चार शिव्या हासडणार आणि मग ताजातवाना होऊन जावयाला मिठी मारणार... तर हा पुढ्यात उभा! ताडमाड उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीला इवलीशी पिशवी, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणतो, "बाबा, वेळेत आलो." वेळेत आलो! आल्या आल्या टोमणा!

हा जावई कोण, ते ऐका. लांबेर्तो. आमच्या एकुलत्या एक फ्लामिनियानं मिलानला जाऊन शोधून काढलेला. अख्खं रोम पडलं होतं इथे, पण नाही! तसा माणूस वाईट नाही हो, मिलानचा आहे एवढंच. इंजिनियर आहे. आणि कसला? सरकत्या जिन्यांचा! आता त्याला रोमहून बोलावणं आलं होतं, मेट्रोच्या जिन्यांची देखभाल बघायची नोकरी. तो म्हणाला, "एक दिवस येतो, शहर बघतो, आणि परतीच्या गाडीत बसायच्या आधी हो की नाही सांगून टाकतो." एक दिवस! रोम! अहो, आमच्या नळदुरुस्तीवाल्याला नुसतं 'येतो' म्हणायला एक दिवस लागतो!

आणि लेक पोटुशी. बाळंतपण ऑक्टोबरात. म्हणजे हा नाही म्हणाला तर माझं नातवंड जन्मणार कुठे? मिलानमध्ये! धुक्यात! पहिला घास त्यांच्या त्या केशर घातलेल्या पिवळ्या भाताचा! आणि मोठं झालं की फोनवर नाकातून विचारणार, "आजोबा, तुमच्या तिकडे म्हणे काहीच चालत नाही?" ...माझी झोप उडाली, तुम्हाला सांगतो.

बसलो बेत आखायला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला. आमची नोर्मा म्हणाली, "गुरुवारीच बोलव. गुरुवारी न्योकी." आमच्या अख्ख्या रोममध्ये हे ठरलेलं असतं बघा, गुरुवारी न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, शुक्रवारी मासा, शनिवारी आतडी. "शनिवारी आला," नोर्मा म्हणाली, "तर ते पोर आतडी बघूनच पळेल." बायको शहाणी आहे माझी. वार ठरला. आता जागा.

आणि इथेच घोळ! मी कोण? मी क्विरीनो स्बार्देल्ला! अर्धं आयुष्य या शहराचं पान लिहितोय! इथला असा खड्डा नाही की ज्याचं बारसं मी केलं नाही, असा थांबा नाही की जिथे न येणाऱ्या बसवर मी लेख लिहिला नाही, आणि बंद सरकते जिने? त्यांच्यावर तर मी तुटून पडलोय! तेव्हा मी नकाशावर लाल पेन्सिल घेऊन, जिथे जिथे जावयाला न्यायचं नाही तिथे टिंब द्यायला सुरुवात केली. ही बाग नको, हिच्या वाळक्या झाडांवर मी लिहिलंय. हा रस्ता नको. हे स्टेशन नको. हे तर नकोच नको! अर्ध्या तासात नकाशा असा दिसायला लागला, जणू गोवर आलेलं पोर. उरलं काय? एक कारंजं, दोन देवळं आणि आमचं घर.

नोर्मा म्हणाली, "बरं झालं की. सगळं तुझंच केलेलं आहे हे. अजून लिही!"

लिहीनच! मला हक्क आहे! मी इथे जन्मलो, माझा बाप इथे जन्मला, इथल्या फुटपाथवर माझा घोटा मुरगळलाय. मी माझ्या शहराला वाट्टेल ते बोलेन. पण बाहेरून येऊन कोणी बोट दाखवायचं नाही! मिलानवाल्यानं तर नाहीच नाही!

मग युक्ती सुचली. याला पायी चालवायचा! मेट्रो नाही, बस नाही, म्हणजे जिना नाही, थांबा नाही, प्रश्नच नाही. आणि चालवायला आम्हां रोमकरांकडे एक रामबाण शब्द आहे. आम्हाला कुठलाही पत्ता विचारा, चौकातला चांभार विचारा की पार समुद्र विचारा, आमचं उत्तर एकच: "हे काय, दोन पावलांवर!" खोटं नाही हो बोलत. आम्हाला खरंच तसं वाटतं! इतकं देखणं शहर आहे की बघता बघता माणूस पोचतो, पाय कुठे मोजणार?

पण हा मोजतो! त्याच्या मनगटावरचं ते घड्याळ पावलं मोजतं! स्टेशनबाहेर आलो, म्हणाला, "मेट्रोनं जायचं ना?"

म्हटलं, "मेट्रो? आज मेट्रोला सुट्टी."

"पण बाबा, माणसं वर येताहेत."

"ती कालची!"

बघत राहिला माझ्याकडे. हसला नाही. मिलानवाले हसायच्या आधी परवानगी काढतात. मी म्हटलं, "चल, चल, दोन पावलांवर तर आहे!" आणि निघालो.

काय सांगू तुम्हाला, काय सकाळ होती! भिंतींवर ते जर्दाळूच्या रंगाचं ऊन, वर पाइनची झाडं छत्र्या उघडून उभी, खाली एक भाजीवाला आणि एक टॅक्सीवाला एकमेकांच्या सात पिढ्या काढताहेत, आणि तेही कसे? तालासुरात! मी थांबलो, छाती फुगवून म्हटलं, "बघ!" तर हा बघतोय कुठे? रस्त्याकडेच्या नळाकडे. आमचे ते लोखंडी नाकाचे नळ हो, रात्रंदिवस धो धो वाहतात. म्हणतो, "याची तोटी कुठाय?"

"तोटी कशाला?"

"बंद करायला."

बंद करायला! पाणी! रोममध्ये! मी म्हटलं, "पोरा, इथे बोट लाव," आणि त्याचं बोट धरून नळाच्या तोंडावर दाबलं, आणि नाकाच्या वरच्या भोकातून जी धार उडाली ती थेट त्याच्या इस्त्रीवर! बाजूची बाई खदखदून हसली. "भिजवलात की पाहुण्याला!" तो थंडपणे रुमाल काढून पुसत म्हणाला, "दाब चांगला आहे." बस्स! एवढंच! दाब चांगला आहे!

पुढे? दोन पावलांवर पँथिऑन, आमचं पुरातन देऊळ. घामाघूम होऊन पोचलो. तो भलाथोरला घुमट, मधोमध ते गोल भोक, त्यातून आकाश उतरलंय खाली... अहो, मी इथलाच, पण दर वेळी आ वासून बघत राहतो. आणि हा काय विचारतो? "पाऊस आत येतो?"

"येतो."

"मग?"

"मग काय मग! खाली बघ! फरशीला भोकं ठेवलीत! एकोणीसशे वर्षं पाणी आपापलं जातंय! कोणाला बोलवावं लागत नाही!"

झालं, हा गुडघे टेकून बसला. फरशीला गाल लावून एक डोळा मिटला. शेजारच्या एका वयस्क जोडप्याला वाटलं, केवढी ही भक्ती! तीही दोघं टेकली! त्यांच्या मागे दोन नन्स! मी मध्ये उभा, टोपी काढावी की पळून जावं कळेना. तेवढ्यात हा उठला, गुडघे झाडले आणि म्हणाला, "उतार फार सुंदर दिलाय."

तुम्हाला सांगतो... माझे डोळे भरून आले. उतार सुंदर दिलाय! हे त्या रोमच्या उताराबद्दल, मिलानच्या इंजिनियरानं! मला वाटलं, जिंकलो. नातवंड आपलं!

जेवायला एर्मेलिंदा मावशीच्या खाणावळीत. दोन पावलांवरच. वाटेत त्याचं घड्याळ टुणटुणलं, दिवसाची पावलं झाली, अभिनंदन म्हणे. मी म्हटलं, "बघ, रोम किती आरोग्यदायी!" तो लंगडत होता. मावशीकडे बसलो, तर यानं यादी मागितली. मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग यादी कशाला हवी?"

हा बापडा नम्रपणे म्हणतो, "थोडा भात मिळेल का?"

मावशी एकदम हळू आवाजात मला म्हणाली, "आजारी आहे का रे?"

"नाही गं. मिलानचा आहे."

"अरेरे," मावशी म्हणाली, "दिसायला मात्र चांगला आहे," आणि त्याच्या ताटात न्योकीचा डोंगर रचला. त्यानं सगळं संपवलं. पावानं ताट पुसलं! मावशीनं त्याचा गालगुच्चा घेतला. मी मनात म्हटलं, आता फक्त संध्याकाळ निभावायची.

पण संध्याकाळी हा चालेचना! बूट काढून एका पायरीवर बसला, टाचेला हा एवढा फोड! गाडीची वेळ होत आलेली. मी म्हटलं, "ऊठ, स्टेशन काय, दोन पावलांवर..." तो म्हणाला, "बाबा, तुमचं दोन पावलांवर नको. मेट्रो." आणि समोर बोट दाखवलं. मेट्रोचं तोंड. लाल टिंबांतलं सगळ्यात मोठं टिंब! दिवसभर टाळलं, आणि फोडानं नेमकं त्याच्याच दारात आणून बसवलं!

उतरलो. काय करता? सरकता जिना बंद. पण काय बंद! अहो, त्याचा मोहल्ला झालेला! एक आजी मधल्या पायरीवर बसून शेंगा सोलतेय, दोन कॉलेजातली पोरं भांडून मिटवताहेत, चढणारे धापा टाकत, उतरणारे टोमणे मारत, "काय मामा, चढताय की मुक्कामाला आलात?" वर पाटी, 'लवकरच सुरू होईल', आणि तिच्याखाली कोणीतरी पेनानं लिहिलेलं, 'आमेन'.

मी तोंड लपवून निघालो, तर त्या आजीनं ओळखलं. "अहो, तुम्हीच ना ते! पेपरातले! याच जिन्यावर किती वेळा लिहिलंत हो! शाबास!"  जावयाकडे बघवेना. तर तो म्हणतो, "मला माहीत आहे आजी. मी सगळे वाचलेत. फ्लामिनिया पाठवते. बाबा, मी दिवसभर वाट बघतोय, हा जिना तुम्ही कधी दाखवणार म्हणून."

दिवसभर! म्हणजे मी लपवतोय, आणि हा वाट बघतोय!

मग तो कठड्यावरून हात फिरवत म्हणाला, "तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. परिस्थिती लाजिरवाणी आहे."

लाजिरवाणी! शब्द माझाच हो! मथळ्यात घातलेला! पण त्याच्या तोंडून ऐकला मात्र, आणि मी भडकलो. "लाजिरवाणी? तू कोण म्हणणारा? रोम आहे हे! तुमच्या मिलानमध्ये चिखलात बेडूक ओरडत होते तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी होतं!" आणि तुम्हाला सांगतो, जी माणसं घटकेपूर्वी त्या जिन्याला शिव्या देत होती, ती सगळीच्या सगळी माझ्या बाजूनं उभी राहिली! आजी शेंग रोखून म्हणाली, "जिना आमचा बंद, पाय आमचे दुखतात, तुझं रे काय जातंय?" कोणी म्हणालं, "बसून बघ, काय गार लागतो!" कोणी म्हणालं, "तुमचा चालतो, पण त्यावर कोणी कोणाशी बोलतं का?" काय अभिमान! काय एकजूट! माझी छाती फुगली आणि त्याच क्षणी कळलं, क्विरीनो, गेलं तुझं नातवंड. बोलून घालवलंस.

आणि लांबेर्तो? बूट हातात घेऊन आजीच्या शेजारी बसला. तिनं शेंगेतले दाणे पुढे केले, ते खाल्ले. जिन्याच्या कडेला कान लावला. मग खिशातून फोन काढला.

"फ्लामिनिया? घर बघायला लाग. रोमला. नाही गं, पँथिऑन बघून नाही... ते छान आहे, पण तिथे मला काय काम? इथे आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे. आणि हे लोक..." तो थांबला, पहिल्यांदा हसला, "हे लोक बंद जिन्यासाठी भांडतात. चालू झाला तर काय करतील!"

अख्ख्या जिन्यानं टाळ्या वाजवल्या. आजीनं तर त्याला ओंजळभर दाणे बांधून दिले, गाडीत खायला. मी? मी रडलो. काय लाज त्यात?

ऑक्टोबरात नातू झाला. इथे, नदीकाठच्या इस्पितळात. पहिलं रडणं ऐकून नर्स म्हणाली, "आवाज रोमचाच!" दोन मजले ऐकू गेलं असणार. सुईण काय म्हणाली, मावशीनं काय पाठवलं, ते सांगत बसलो तर तुमची शेवटची बस चुकेल, म्हणजे ती आली तर.

जावई कामावर रुजू झाला आणि पहिल्याच दिवशी त्या जिन्याचं झाकण उघडलं. संध्याकाळी घरी आला, जेवेना. म्हटलं, "काय रे, मोटर जळलीय? साखळी तुटलीय?"

"बाबा," तो म्हणाला, "काहीही बिघडलेलं नाही. जिना उत्तम आहे. कोणीतरी चावी फिरवून बंद केलाय."

मी उडालोच! तीन वर्षं तो जिना बंद होता! त्याच रात्री बातमी लिहिली, पहिल्या पानावर आली. मेट्रोच्या कचेरीनं चौकशी नेमली. चौकशीनं दुसरी चौकशी नेमली. जावई अजून रोज तो जिना पायांनी चढतो आणि वर पोचला की मला फोन करून विचारतो, काही कळलं का. मी विचारतोय. सगळ्यांना विचारतोय. तेवढी ती चावी कोणाकडे आहे, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.