मगनची फ्लॉपी

रुपचंदनानांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, ते साल १९९८. लग्नात बिघडलेला टेप घेऊन नाना जळगावला मदनलालच्या दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यात बसले होते. तेवढ्यात त्यांच्याच असोद्याचा, लग्नपत्रिका छापणारा अभिमन चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन आत आला. नानांकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"मदनशेठ, चालू केलं की दोन अक्षरं उमटतात अन् पुढं ढिम्म."

"यात दुसरी सिस्टीम होती का?"

"होती. धाकट्या भावाची, मगनची लिनक्स. काल पुसून टाकली. माझी विंडोज तेवढी ठेवली."

"भांडलात का?"

"भांडण कशाचं! दुकान माझं, मशीन माझं, अन् येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, मगन कुठंय?"

"अहो भाऊ, मशीन सुरू व्हायचं ते मगनच्या सिस्टीमला विचारून. तीच गेली, आता विंडोजचा रस्ता त्याला कोण दाखवील? स्टार्टअप फ्लॉपी असली तर लगेच होईल."

"खिशात आहे."

"कोणी करून दिली?"

"त्यानंच. सकाळी हातात ठेवली. म्हणे, दादा, ही लाव, होईल सुरू."

"मग घरीच का नाही लावली?"

"त्याच्या हातानं सुरू झालं असतं ना!"

"अन् आता कोणाच्या हातानं होतंय?"

"तुमच्या. गावात मी तसंच सांगणार. कोणी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगा."

मदनलालनं तीच फ्लॉपी लावली. मशीन सुरू झालं. मशीन उचलायच्या आधी अभिमननं फ्लॉपी मागून घेतली.

नाना गावात कोणाला हे बोलले नाहीत, मगनलाही नाही. मगन पुढच्या साली, १९९९च्या पोळ्याला वारला.