मौनातली सोयरीक

आटपाट आश्रम होता, पेठच्या डोंगरात. तिथं चार दिवस राहायला गेल्या दोघी बाया: एक दिंडोरीची मी आणि दुसरी गोदाबाई. तिचा मुलगा सातपूरला कारखान्यात होता. माझ्या शकूसाठी मला तोच हवा होता. पण गोदाबाई जाताना एसटीतच म्हणाली, "पोरगी गुणाची हाय तुमची, पण तुम्ही लय बडबड्या. अशी विहीण नको बाई मला."

मी मनाशी म्हटलं, बघतेच आता.

आश्रमात दिवा लागला की सकाळपर्यंत मौन. एका संध्याकाळी सगळे ओसरीवर डोळे मिटून बसले होते. मी हळूच एक डोळा उघडला, तर आश्रमाची गाय मागून येऊन गोदाबाईचा पदर चघळतेय! बोलले तर सोयरीक जाते, गप्प बसले तर तिचं लुगडं जातं. मी पदर धरला आणि ओढला. गाईनंही ओढला.

गोदाबाईनं डोळे उघडले ते माझ्यावरच. "अहो, माझा पदर का ओढताय? बोला की!"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि मागं दाखवलं. मग जी किंचाळली ती!

सकाळी फाटका पदर खोचत म्हणाली, "गाईनं लुगडं खाल्लं तरी तुमचं तोंड उघडलं नाय. शकू माझी."

त्याच उन्हाळ्यात लगीन लागलं. शकू सुखात नांदली, घर नातवंडांनी भरलं. आणि मी अक्षता पडेस्तोवर गप्प राहिले. त्यानंतर विहीणबाईंना आजवर बोलायला मिळालेलं नाय.