‘सुरू करा’चं बटण

…आणि वर मलाच विचारतात, बटण गोल का नाही! गोल! अहो, आईला जाऊन दोन महिने होत नाहीत, तिकडे बाबा धड बोलत नाहीत, धड जेवत नाहीत, आणि आमची ताई मला फोनवर काय विचारते, तर ‘अरे, बटणं चौकोनी का केलीस? आईला चौकोनी आवडली असती का?’ आता आईला बटणाचा कोणता आकार आवडायचा हे मला कसं ठाऊक असणार, तुम्हीच सांगा! पण केली. गोल केली. मला त्याचं काही नाही.

तुम्हाला सांगतो, हा माझा धंदाच आहे. लोक घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणून देतात, मी त्यांची डीव्हीडी करतो आणि तिला मेनू करतो. डिस्क घातली की पहिल्यांदा तो पडदा येतो ना, मागे काहीतरी हलत असतं, खाली बटणं, ‘सुरू करा’, ‘भाग निवडा’… तो करणारा मी. कुणाच्या लक्षात राहतो? कुणाच्याही नाही! आले, बटण दाबलं, गेले पुढे. पायपुसण्यासारखं काम आहे, पाऊल टाकल्याशिवाय आत जाता येत नाही आणि बघत कुणी नाही. परवा एक दातांचे डॉक्टर आले, म्हणे अक्षरं उडत उडत आली पाहिजेत. उडवली. मला त्याचं काही नाही!

तर ताईच्या डोक्यातून निघालं. ‘बाबांना जुनं सगळं दाखवू या, म्हणजे बोलतील तरी, दोन घास खातील तरी. तूच कर, तुला येतं.’ तुला येतं! आमच्या घरात हे एकदा म्हटलं की संपलं, मग पाणी मागायचीसुद्धा सोय नाही. दादा म्हणाला, ‘लवकर कर, पण घाई करू नकोस.’ याचा अर्थ काय? मी नाही विचारलं. मी हल्ली काही विचारतच नाही. आई गेली तेव्हा सगळे रडले, दादा तर भिंतीला डोकं टेकून रडला, आणि मी आपला खुर्च्या मोजत होतो, किती लागतील म्हणून. तेव्हापासून ताई माझ्या बायकोला हळूच विचारते, ‘हा रडला का गं?’ बायको म्हणते, ‘नाही हो ताई, काम करतायत.’ मला ऐकू येतं! मी तिथेच असतो!

बरं, कॅसेटी काढल्या. तुम्हाला सांगतो, काय काय घेतलंय आमच्या लोकांनी! नवा फ्रिज आला तेव्हाचं चित्रीकरण, दार उघडतंय, दार बंद होतंय, दिवा लागतोय, दिवा जातोय, मागून बाबांचा आवाज, ‘बघा, आपोआप जातो!’ मग दादाचं शाळेतलं भाषण, भाषण कसलं, तो विसरला आणि उभाच राहिला, ते सगळं आहे. ताईची सायकल आहे. शेजाऱ्यांचं कुत्रं आहे, ते तर भरपूर आहे! आणि आई? आई कुठंय? ताट पुढे करणारा एक हात, तो आईचा. फ्रिजमागून जाणारं कोपर, ते आईचं. कॅमेरा तिच्याकडे वळला रे वळला की ती म्हणायची, ‘मला कशाला? त्यांना घे.’ आणि आम्ही घ्यायचो की! लगेच घ्यायचो! कुत्र्याला घ्यायचो!

शेवटी एका कॅसेटच्या टोकाला सापडली. कॅमेरा माझ्या हातात. स्वयंपाकघराचं रिकामं दार दिसतंय, आई टॉवेलला हात पुसत बाहेर येते, सरळ माझ्याकडे बघते, हसते, म्हणते, ‘पुरे आता, बंद कर ते, चला जेवायला,’ आणि पुढे येऊन काचेवर हात ठेवते. काळोख. संपलं. एवढीच.

आता तेवढ्याचा वेगळा भाग काय करणार? म्हणून तेच मेनूच्या मागे टाकलं. मेनूमागचं चित्र संपलं की परत पहिल्यापासून लागतं, म्हणून आमच्या कामात सगळा खेळ सांध्याचा असतो, शेवट आणि सुरुवात जुळली नाही की दर वेळी गचका बसतो. इथे? हात येतो, काळोख होतो, काळोखातून परत दार दिसतं, परत आई येते. सांधा कुठाय, शोधून दाखवा! इतक्या वर्षांत असा मेनू जमला नव्हता. दादाने बघितला आणि म्हणाला, ‘माझं भाषण तिसऱ्या बटणावर का?’ पहिल्यावर टाकलं. मला त्याचं काही नाही.

डिस्क बाबांकडे गेली. दोन दिवसांनी ताईचा फोन, ‘अरे, बाबा जेवले! आज तर दोनदा जेवले, आणि परत निघाले होते ताट घ्यायला, मीच थांबवलं!’ म्हटलं वा! मी बाबांना फोन लावला.

‘बाबा, बघितलंत का?’

‘बघतोय ना. छान झालंय. जरा लहान आहे.’

लहान? अहो, एवढा फ्रिज आहे त्यात! मग डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, ‘बाबा, तो नुसता मेनू आहे. खाली गोल बटण दिसतंय का, सुरू करा? ते दाबायचं, मग पुढचं सगळं येतं.’

‘माहितीये मला,’ बाबा म्हणाले. ‘एकदा दाबलं होतं. दाबलं की ती जाते.’

मग म्हणाले, ‘एक काम कर. ती बटणं काढ. तिच्या पायांवर येतात.’

बटणं काढ! ज्याने आयुष्यभर बटणं केली त्याला सांगतायत! अहो, बटण नसेल तर तो मेनू कसला, माणूस पुढे जाणार कसा? ताई म्हणते वेडेपणा आहे, दादा म्हणतो मग माझं भाषण कुठं बघायचं… पण काढली. गोल केलेली सगळी काढली. पाय दिसतात आता. घरातली चप्पल दिसते.

डिस्क तयार आहे, द्यायचीच बाकी आहे. गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा लावून तपासायची, ही आपली पद्धत, म्हणून आज सकाळी लावली. आतून बायको ओरडतेय, ‘अहो, जेवायला येताय ना?’ म्हटलं आलोच, एवढं तपासतो आणि येतो. ती म्हणते, ‘सकाळपासून काय तपासताय?’

सांधा. सांधा तपासतोय म्हटलं… मला त्याचं काही नाही.