पहिल्या मेळाव्याचा झेंडा

तलासरी स्टँडवरच्या रांगेत चंद्रिकाच्या पुढे गाइडच्या गणवेशातली एक मुलगी आणि एक म्हातारी उभ्या होत्या.

“बायजाआजी, पहिल्या स्काऊट-गाइड मेळाव्यात झेंडा कुणी फडकवला? मला इतिहास लिहायचाय.”

“साहेबांनी दोरी ओढली, पण गाठ काही सुटेना.”

“मग?”

“दौलत चढला खांबावर. रोज ताडावर चढणारा तो, त्याला काय.”

“गाठ बांधली कुणी होती?”

“ते नको लिहू, रिया.”

“सांगा तरी.”

“मीच. वाऱ्याने सुटायला नको, एवढंच डोक्यात होतं.”

चंद्रिकाची बस लागली. पण पुढचं ऐकायला ती रांगेतच थांबली.

“आजचा झेंडासुद्धा तुम्हीच बांधायचाय, आजी. म्हणून तर बाईंनी मला तुम्हाला न्यायला पाठवलं.”

“आणि परत नाही सुटला तर?”

“दौलतआजोबा सकाळपासून खांबाखाली बसलेत.”